शनिवारची पट्टी

शनिवारी सकाळी शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडणाऱ्या लोकांचे ढोबळमानाने तीन प्रकार असतात. एक, लोहगड-विसापूरला निघालेले, पायात नवेकोरे ट्रेकिंग शूज घातलेले. दोन, भुशी धरणावर भिजायला निघालेले, पायात काहीही घातलेले. आणि तीन, कामशेत-मळवलीला आपापल्या घरी जाणारे, जे या पहिल्या दोघांकडे बघून मनातल्या मनात हसत असतात. गेली दोन वर्षं मी चौथ्या प्रकारात मोडतो. माझ्या सॅकमध्ये कापसाचे दोन रोल, दहा सेंटिमीटर रुंदीच्या इलॅस्टिक पट्ट्या, सलाईनच्या बाटल्या आणि एक बोथट टोकाची कात्री असते. ऑफिसातल्या लोकांना वाटतं मी ट्रेकर झालोय. मीही कधी खुलासा केला नाही. "मी दर शनिवारी आत्याच्या पायाला पट्टी बांधायला जातो" हे वाक्य सोमवारच्या स्टँड-अपमध्ये जरा विचित्रच वाटतं ना!

तर आत्या. माहेर नाणे मावळातलं, सासर लोणावळ्यातलं. सत्तावीस वर्षं चिक्कीच्या कारखान्यात. लोणावळ्याला येऊन आपण सगळेच चिक्कीचे डबे घेऊन जातो, पण ती करताना कुणी बसत नाही हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. गुळाचा पाक गरम असतानाच त्यात दाणे घालायचे, ओट्यावर ओतायचं, लाटायचं आणि कडक व्हायच्या आत कापायचं. सगळं उभ्याने आणि सगळं भट्टीच्या धगीत. सीझनला दहा-दहा तास. संध्याकाळी पाय सुजायचे, पोटरीवर निळ्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. "उभं राहून राहून व्हतंय," एवढंच आत्या म्हणायची. मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट झाली, खाज सुटायला लागली, आणि एक दिवस तिथे पाटाचा कोपरा लागला. एवढीशी जखम. ती दीड वर्षं भरली नाही.

दीड वर्षात काय काय झालं नाही? हळद झाली, झाडपाला झाला, लाल औषध झालं, पांढरी पावडर झाली, चार प्रकारची मलमं झाली. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. शेवटी जखम रुपयाच्या नाण्याएवढी होती ती हाताच्या तळव्याएवढी झाली. तिचा वास यायला लागला तसं आत्याने लग्नाकार्याला जाणं सोडलं. हे मला वहिनीने फोनवर सांगितलं, आत्याने नाही. लोणावळा माझ्या घरापासून पासष्ट किलोमीटर. आणि मी दीड वर्ष फक्त दिवाळीला जाऊन चिक्की घेऊन येत होतो.

असो. तिला पुण्यात एका डॉक्टरांकडे नेलं. मी तयारीत होतो, की आता हे आणखी एक भारीतलं मलम लिहून देतील. त्यांनी जखमेकडे अर्धा मिनिट बघितलं आणि बाकीचा वेळ पायाकडे. म्हणाले, "ही जखम कातडीची नाहीच. ही दाबाची आहे."

मग त्यांनी जे समजावलं ते मला माझ्या भाषेत सांगू द्या. आपण उभे असतो तेव्हा हृदयापासून घोट्यापर्यंत मीटरभराहून जास्त उंचीचा रक्ताचा उभा स्तंभ असतो. त्याचं वजन घोट्याच्या शिरेवर पडतं: पाऱ्याच्या मापात साधारण ८० ते ९० मिलिमीटर. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू दर पावलाला शिरा पिळतो, रक्त वर ढकलतो, आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. धडधाकट माणसात चालताना हा दाब वीस-तीसपर्यंत उतरतो. पण झडपा निकामी झाल्या की वर ढकललेलं रक्त पुन्हा खाली. चाला नाहीतर उभे राहा, दाब उतरतच नाही. मग शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तपेशी बाहेर येतात, त्यातल्या लोहाने कातडी काळी पडते, कातडीचं पोषण बिघडतं. अशा कातडीला पाटाचा कोपरा पुरतो.

मी घरी येऊन आत्याला हे सगळं व्हेन, व्हॉल्व्ह वगैरे शब्दांत सांगत बसलो. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी फूटवाल गळतोय."

मी थक्क! इंद्रायणीवर मोटार असलेल्या घरातली ती. नदीत सोडलेल्या पाइपच्या टोकाचा फूटव्हॉल्व गळका असला की मोटार बंद करताच पाणी खाली उतरतं, आणि मोटार कितीही चालवा, पाइप भरलेला राहत नाही. मला समजायला दोन तास आणि तीन आकृत्या लागल्या होत्या.

आता झडपा आतून दुरुस्त होत नाहीत, मग करायचं काय? तर बाहेरून दाब द्यायचा. फुगलेली शीर बाहेरून आवळली की ती अरुंद होते, रक्त वर सरकतं, झिरपलेलं पाणी परत आत शोषलं जातं, आणि पोटरीला ढकलायला काहीतरी टणक मिळतं. पायांच्या या जखमांवरचा मुख्य उपाय म्हणजे पट्टी. मलम दुय्यम.

पण एक महत्त्वाची गोष्ट आधी. पट्टीला हात लावण्यापूर्वी डॉक्टरांनी एका छोट्या डॉपलर यंत्राने आत्याच्या घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर मोजलं आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागलं. ०.८ च्या खाली आलं तर पायाला शुद्ध रक्त नेणाऱ्या धमन्याच अरुंद आहेत असं समजायचं. त्या पायावर घट्ट पट्टी बांधली तर उरलंसुरलं रक्तही थांबतं, आणि पाय गमवायची वेळ येऊ शकते. डायबेटिस असेल तर धमन्या कडक होऊन हा आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून तिथे आणखी तपासण्या लागतात. आत्याचा आकडा १ च्या वर आला, शुगर नॉर्मल. तरच पुढची गोष्ट. (हा परिच्छेद वाचून न वाचल्यासारखा करू नका, प्लीज.)

दर आठवड्यात दोनदा तिला पुण्याला आणणं शक्य नव्हतं. म्हणून पहिला महिना हॉस्पिटलमध्ये सिस्टरांनी बांधली आणि मला व वहिनीला शिकवली. बुधवार वहिनीचा, शनिवार माझा. शिकताना सिस्टर हातावर फटका मारायच्याच बाकी होत्या. पाऊल घोट्यात काटकोनात. सुरुवात बोटांच्या मुळापासून. टाच झाकायचीच, उघडी ठेवली तर तिथेच सूज जमते. आधी कापूस, नडगीच्या हाडावर आणि घोट्याच्या टेंगळांवर जास्त. मग पट्टी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर, सगळीकडे सारखाच ताण, आणि गुडघ्याच्या दोन बोटं खाली थांबायचं.

"सारखाच ताण का?" मी विचारलं. "वर कमी दाब हवा ना? मग वर सैल सोडायला नको?"

"पाय तसाच आहे, सर," सिस्टर म्हणाल्या. मला कळलं नाही. रात्री लॅपटॉप उघडला आणि लाप्लासचा नियम सापडला. कॉलेजात पास होण्यापुरता वाचला होता! पट्टीखालचा दाब म्हणजे ताण गुणिले थर, भागिले पायाचा घेर गुणिले पट्टीची रुंदी (ताण किलोत, बाकी सेंटिमीटरमध्ये, वर ४६२० चा एक स्थिरांक). आत्याचा घोटा २२ सेंटिमीटर, पोटरी ३६. अर्ध्यावर अर्धा वेढा म्हणजे दोन थर. साधारण ९५० ग्रॅम ताणाने ओढलं की घोट्यावर ४० मिलिमीटर, आणि तोच ताण ठेवला तर पोटरीवर आपोआप २४. खाली जास्त, वर कमी. पाय वर जाड होत जातो, म्हणून उतार आपसूक मिळतो. सिस्टरांचं चार शब्दांतलं उत्तर मी स्प्रेडशीटमध्ये सिद्ध केलं आणि स्वतःवर भलताच खूश झालो.

त्या खुशीत आणखी वाचत सुटलो. सुश्रुतसंहितेत पट्टी बांधायचे चौदा प्रकार आहेत, हातापायांसाठी वेढ्यांचा अनुवेल्लित, आणि शिवाय घट्ट, मध्यम, सैल असे ताणाचे तीन प्रकार वेगळे! १९५० च्या सुमारास अमेरिकेत टोलेडोला राहणारा कॉनराड जोब्स्ट नावाचा इंजिनिअर होता. त्याला स्वतःला हाच आजार. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय दुखायचे थांबतात हे त्याने हेरलं. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो, म्हणजे घोट्याला जास्त आणि मांडीला कमी. तोच उतार त्याने कापडात विणला आणि आजचे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज जन्माला आले. मला तर तो माणूस लगेच आपल्यातलाच वाटला. हे सगळं मी आत्याला पट्टी बांधता बांधता सांगायचो. ती गुडघ्यापर्यंतच्या वेढ्यांकडे बघून म्हणायची, "आरं, जुन्या हवालदारावानी दिसतंय की पाय." आणि खरंच, पोलिसांच्या आणि शिपायांच्या त्या पायपट्ट्यांना इंग्रजीत 'पटी' म्हणत, तो शब्द आपल्या 'पट्टी'वरूनच गेलेला.

आठ आठवड्यांत जखम निम्मी झाली. वास गेला. आत्या शेजारच्या बारशाला जाऊन आली. वहिनीने फोटो पाठवला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. स्क्रीन शेअर चालू नव्हती हे नशीब.

आणि मग मी माती खाल्ली.

नववा की दहावा शनिवार. आत्याच्या पायाची सूज उतरली होती, म्हणजे घेर कमी, म्हणजे पट्टी जास्त उरली. गुडघ्याखाली पोचलो तर हातात चांगली दीड-दोन फूट शिल्लक. कापायची? नवी पट्टी होती, साडेतीनशे रुपयांची. आत्या प्रत्येक पट्टीची किंमत विचारायची आणि मी प्रत्येक वेळी निम्मी सांगायचो. म्हटलं वरच गुंडाळून टाकू. टाकली. चिकटपट्टी लावली, चहा घेतला, परतीची लोकल पकडली.

सोमवारी सकाळी साडेसातला वहिनीचा फोन. "भाऊजी, बोटं निळी पडल्यात. सुजल्यात पण. कापू का?"

"कापा! आत्ता कापा!"

ते करताना फोन चालूच होता. कात्रीचा आवाज मला अजून आठवतो. गुडघ्याखाली बोटभर रुंद लाल वळ, त्यावर फोड, फोड फुटलेला. जुन्या जखमेच्या काठाची नवी गुलाबी कातडी पांढरी पडलेली. हाफ डे टाकून गेलो. डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवलं. धमनीला काही झालं नव्हतं, पण तीन आठवड्यांची कमाई गेली होती.

कारण स्प्रेडशीटमध्येच होतं. उरलेली पट्टी वर गुंडाळली म्हणजे तिथे दोनाचे चार थर. चोवीसचा दाब दुप्पट होऊन अठ्ठेचाळीस. घोट्यावर चाळीस. उतार उलटा! मी तिच्या पायाला पाठिंबा दिला नव्हता, फास लावला होता. ज्या सूत्रावर मी इतका खूश होतो त्यात 'थर' हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. पट्टी हातात असताना तो मला दिसला नाही, साडेतीनशे रुपये दिसले.

पण मला खरा धक्का पुढच्या गोष्टीने बसला. शनिवारी रात्रीपासूनच तिला ठसठसत होतं. रविवारभर बोटं बधिर. रविवारी मी फोन केला तेव्हा "कसंय?" विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, "झ्याक."

"आत्या, सांगितलं का नाहीस?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू येवढा पुण्यावरनं येतोस, सुट्टीचा. आन् मी काय नावं ठिवू?"

सत्तावीस वर्षं उभं राहून एकदाही बसायला पाट न मागणारी बाई ती. माझी पट्टी टोचते असं ती सांगेल ही अपेक्षाच चुकीची होती. माझं "कसंय?" हे बगची खबर विचारणं नव्हतंच, शाबासकी मागणं होतं, आणि तिने ती दिली.

सिस्टरांना जाऊन सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "उरली तर कापा, सर. पट्टी स्वस्त आहे." मग म्हणाल्या, "आणि कात्री पेशंटच्या उशाशी ठेवा. तुमच्या बॅगेत नको."

तेव्हापासून तसंच आहे. आता मी "कसंय?" विचारत नाही. बोटांची नखं दाबून बघतो, रंग किती पटकन परत येतो ते. "करंगळी कळतेय का?" विचारतो. अर्ध्या तासाने तिला अंगणात चालवतो आणि पुन्हा विचारतो. आणि उशाशी कात्री. ठरलंय की रात्री कधीही ठसठसलं, बोट बधिर झालं की पट्टी कापायची, मला न विचारता. पहिल्यांदा तिने ती कापली तेव्हा सकाळी फोन करून अपराध्यासारखी म्हणाली, "कापली रं मी." मी इतका जोरात "शाब्बास!" ओरडलो की शेजारच्या क्यूबिकलमधून दोन मुंडकी वर आली.

त्यात मावळचा पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लोणावळ्यात काहीही वाळत नाही. ओली पट्टी म्हणजे कातडी पांढरीफट, म्हणून धुतलेल्या पट्ट्या वहिनी भट्टीजवळ दोरीवर वाळवायची. इलॅस्टिक पट्टी धुऊन धुऊन लोळागोळा होते, मग कितीही ओढा, दाब येत नाही. ती फेकायचीच. दिवसातून तीन-चारदा पाय छातीच्या वर ठेवून झोपायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ही तर विपरीत करणी." लोणावळ्यात कैवल्यधाम आहे, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली सुरू केलेलं. त्यामुळे इथे शेजारच्या काकूंनाही आसनांची नावं पाठ असतात! आत्याचं आसन म्हणजे भिंतीला टेकवलेली तांदळाची गोणी आणि तिच्यावर पाय.

चौदा आठवड्यांऐवजी एकोणीस लागले, पण जखम भरली. आणि पाच महिन्यांनी पुन्हा उघडली.

यात माझा हात नव्हता, किंवा निराळ्या अर्थाने होता. जखम भरल्यावर स्टॉकिंग्ज रोज घालायचे, कायमचे, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते एकदा सांगितलं आणि शनिवारी यायचं बंद केलं. प्रोजेक्ट डिलिव्हर झाला ना! उन्हाळ्यात स्टॉकिंग्ज गरम होतात, चढवायला जोर लागतो, आणि "जखम भरलीय, मग कशाला?" फूटव्हॉल्व मात्र अजून गळकाच होता.

खरं तर ही माहिती नवी नाही. २००४ साली ब्रिटनमधला एस्कार नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसती पट्टी आणि पट्टीसोबत वरच्या शिरेची शस्त्रक्रिया, दोन्हींत जखम भरायचं प्रमाण सारखंच. पण वर्षभरात पुन्हा जखम होण्याचं प्रमाण नुसत्या पट्टीत २८ टक्के, शस्त्रक्रियेसह १२. पुढे २०१८ च्या एव्हरा अभ्यासात बिघडलेली शीर लेझरसारख्या पद्धतीने लवकर बंद केली तर जखम भरायला मध्यमानाने ८२ ऐवजी ५६ दिवस लागले. पट्टी दोन्हीकडे होतीच. दुसऱ्या वेळी आम्ही हे विचारूनच गेलो. आत्याची शीर लेझरने बंद केली, संध्याकाळी ती चालत घरी आली, आणि पट्टी पुन्हा सुरू. या वेळी नऊ आठवडे.

त्याला आता वर्ष होत आलं. शनिवारी मी अजून जातो. पट्टी नसते, तरी जातो. सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधी आत्या हातात रबरी मोजे घालून (भांडी घासायचे, त्याने पकड येते, ही तिचीच युक्ती) स्टॉकिंग चढवते. या जुलैत आवणीला ती माहेरी गेली. चिखलात उतरली नाही, बांधावर बसून इंद्रायणीच्या रोपांच्या मुठी सोडून देत होती, आणि दर अर्ध्या तासाने बांधावरून चक्कर मारत होती. तिला तिथे बसलेलं बघून सगळे चकित झाले. ती कधी बसतच नाही ना.

मागच्या शनिवारी गेलो तर ओट्यावर दोन अनोळखी बायका. कारखान्यातल्या. एकीने संकोचत साडी घोट्याच्या वर घेतली. तीच काळपट कातडी, त्याच दोऱ्या. आत्या म्हणाली, "ह्यांना पण बांध की पट्टी. शिकलाईस न्हवं तू?"

"आधी डॉपलर," मी म्हटलं. "मग सिस्टर. मी नंतर."

पुढच्या शनिवारी त्या दोघींना घेऊन पुण्याला यायचं ठरलंय. आत्या पण येणार आहे, सोबतीला. आणि मालकाला स्टुलं मागायचं त्या तिघींचं चाललंय. चिक्की कापताना नाही तरी डबे भरताना बसता येतं, असं आत्याचं म्हणणं. सत्तावीस वर्षांनी सुचलं एकदाचं, ती म्हणाली, आणि मला चिक्कीचा डबा दिला. शेंगदाण्याची. अर्धा किलो. लोकलमध्येच निम्मी संपली.